लपवण्याचं बिल सगळ्यात मोठं: तरुण मुलीच्या नशामुक्तीला खर्च किती येतो?

घरातल्या तरुण मुलीचं व्यसन उघड झालं की ‘उपचार कुठे करायचे?’ याच्या आधी ‘कोणाला कळणार तर नाही ना?’ हा प्रश्न येतो आणि खर्चाचा हिशेब तिथेच बिघडतो. ओळखीचं कोणी भेटेल म्हणून नागपूरच्या मेडिकलची (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची) ओपीडी टाळली जाते. कंपनीत कळेल म्हणून ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड कपाटातच राहतं. मग उसनवारी करून दूरच्या एखाद्या खासगी केंद्रात पैसे भरले जातात, आणि पहिल्या महिन्यात सगळी पुंजी संपल्यावर पुढच्या अकरा महिन्यांसाठी हातात काही उरत नाही. खरी गरज मात्र त्या अकरा महिन्यांतच असते.

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कामगार वस्त्यांत, एमआयडीसीच्या आसपास भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा हिशेब मांडला आहे. उपचारांचा मोठा भाग जवळपास मोफत मिळू शकतो. गुप्तता राखणंही रुग्णालयावर कायद्यानं बंधनकारक आहे, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

नशा कशाची, त्यावर खर्च ठरतो

सगळ्या व्यसनांवर ‘महिनाभर भरती’ हा एकच उपाय सांगणाऱ्यापासून सावध राहा.

*खर्रा, तंबाखू, गुडाखू, मशेरी.* आपल्याकडे खर्‍याला व्यसन मानतच नाहीत. राज्यात गुटखाबंदी 2012 मध्ये आली, तरी पन्नीत घोटलेला खर्रा कोपऱ्यावर मिळतोच. यासाठी भरतीची गरज नसते. 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळतं. निकोटिनची गोळी किंवा च्युइंगम लागलं तर तेवढाच खर्च. समजा, रोज 30 रुपयांचे तीन खर्रे लागत असतील, तर महिन्याला 2,700 रुपये त्यातच जातात. उपचार त्याहून स्वस्त पडतो.

*दारू आणि झोपेच्या गोळ्या.* रोज आणि जास्त प्रमाणात घेणाऱ्या मुलीनं घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. दारू थांबवल्यावर 6 ते 24 तासांत हातांची थरथर, घाम, अस्वस्थता सुरू होऊ शकते. काहींना फिट येते, आणि दोन-तीन दिवसांत भास, भ्रम, तीव्र ताप अशी जिवावरची अवस्था होऊ शकते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेले पाहिजेत. इथे पैसे वाचवू नका. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तेवढ्याच दारूचा तिच्यावर जास्त परिणाम होतो. कमी वर्षांच्या पिण्यातही यकृत बिघडू शकतं. त्यामुळे यकृताच्या तपासण्यांचा खर्च धरूनच चला.

*गर्द, अफूजन्य वेदनाशामक गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध.* इथे ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं बराच काळ घ्यावी लागू शकतात. एकदा भरती करून हे संपत नाही, त्यामुळे दर महिन्याच्या औषधाची सोय आधी बघा. बराच काळ बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो. भरतीनंतर घरी आलेल्या मुलीला आणि तिच्यासोबत राहणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं.

*गांजा आणि एमडी (मेफेड्रोन).* यांची ओढ थांबवणारं खास औषध नाही. समुपदेशन, झोप, दिनक्रम आणि सोबत नैराश्य किंवा भास असतील तर त्यावरची औषधं, असा उपचार असतो. अशा वेळी औषधांचं मोठं बिल आलं तर कशासाठी, ते विचारा.

मुलगी गरोदर असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. मानसोपचार आणि स्त्रीरोग विभाग एकाच छताखाली असलेलं मोठं रुग्णालयच निवडा. फिट येत असेल, ती शुद्धीवर नसेल किंवा बरळत असेल तर केंद्र शोधत बसू नका. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे, थेट कॅज्युअल्टीत न्या.

पहिली पायरी: शून्य रुपये

पैशांची जमवाजमव करण्याआधी दोन फोन करा. 14446 हा केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा नशामुक्तीसाठीचा मोफत क्रमांक आहे. सरकारी अनुदानावर चालणारं जवळचं केंद्र कोणतं, हे तिथे विचारता येतं. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रात्रपाळीहून परतलेली मुलगी पहाटे खोलीवरून एकटीनंही फोन करू शकते. त्यासाठी घरच्यांची परवानगी लागत नाही.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना वर्गणी किंवा फी नसते. ज्याला वाटेल तो ऐच्छिक पैसे टाकतो. सभेत पुरुषच जास्त असतील तर मुली बुजतात. अशा वेळी फक्त स्त्रियांची किंवा ऑनलाइन सभा आहे का, ते विचारा. घरच्यांसाठी अल-अॅनॉनचे वेगळे गट असतात, तेही मोफत.

एक खर्च मात्र इथेच वाचवा. ‘न सांगता जेवणात मिसळा, नशा सुटेल’ अशा पावडरी घेऊ नका. अशा पुडीत नेमकं काय आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिराम हे औषध पोटात असताना कोणी दारू प्यायलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊनच दिलं जातं.

सरकारी दवाखाना: जवळ काय आहे

बुटीबोरीहून वर्धा रोडनं नागपूरकडे निघालं की मिहानमधलं एम्स शहराच्या अलीकडेच लागतं. शहरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचं. राज्यात अशी चारच आहेत: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. त्याला आजही ‘पागलखाना’ म्हणतात म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत. पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती झालंच असं नाही.

नागपुरात ओळखीचं कोणी भेटेल ही भीती जातच नसेल, तर उलट दिशेला वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. वर्धा आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. ओळखीपासून लांब जायला पुण्या-मुंबईचा खर्च करण्याआधी हा पर्याय बघा.

खर्चाचं म्हणाल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सगळी त्यात येतात. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, त्यामुळे तिथे केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे सरकारी दरानं पैसे लागू शकतात. ते पैसेही जड जात असतील तर ‘वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक’ कुठे बसतात ते विचारा. सवलतीची कागदपत्रं तेच बघतात. बरेच जण त्यांच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक अवस्था ‘मानसिक आजार’ या व्याख्येत येतात. त्याच कायद्याच्या कलम 18 नुसार दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी पैशांवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मोफत मिळायला हवेत. बीपीएलचं कार्ड हातात असो वा नसो, हे कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘कार्ड नाही तर पैसे भरा’ असं कोणी म्हणालं तर या कलमाचं नाव घ्या.

सरकारी दवाखान्यात पैसे कमी लागतात, पण दिवस मोडतो. पहिल्या भेटीला पूर्ण सुट्टी धरा. आधार, रेशनकार्ड, आधीच्या चिठ्ठ्या आणि ती घेत असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. पाकिटावरून डॉक्टरांना नेमकं औषध आणि मात्रा कळते, तपासण्यांचा खर्चही वाचतो.

कळण्याची भीती: कायदा काय म्हणतो

उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे (मानसिक आरोग्यसेवा कायदा, कलम 23). मुलगी सज्ञान असेल तर तिच्या संमतीशिवाय ही माहिती मालकाला, घरमालकाला किंवा होणाऱ्या सासरला देता येत नाही. पोलिसांच्या भीतीनंही अनेक जणी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. अमली पदार्थविरोधी कायद्यात (1985) कलम 64-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर अटींसह तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. आधीच गुन्हा दाखल असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक 15100.

खासगी केंद्र: बिल कसं वाचायचं

खासगी मानसोपचारतज्ज्ञांची पहिली तपासणी साधारण पाचशे ते दीड हजार रुपयांच्या दरम्यान पडते. निवासी केंद्रांचे महिन्याचे दर दहा-पंधरा हजारांपासून सुरू होतात आणि मोठ्या शहरांतल्या आलिशान केंद्रांत लाखाच्या वर जातात. दर जास्त असला म्हणजे उपचार चांगले, असं मात्र नाही.

फोनवर सांगितलेली रक्कम बहुतेकदा फक्त राहण्या-जेवणाची असते. त्यावर औषधं, डॉक्टरांच्या भेटी, रक्त-लघवीच्या तपासण्या, प्रवेश फी आणि अनामत चढते. ‘पिकअप’ म्हणजे माणसं पाठवून मुलीला घरून उचलून नेण्याचे वेगळे पैसे लावणारीही केंद्रं आहेत. तिथे एक रुपयाही देऊ नका. सज्ञान मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 89 ची पद्धत पाळावी लागते. तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन मानसिक आरोग्य किंवा वैद्यकीय व्यावसायिकांनी स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, आणि त्यांतले एक मानसोपचारतज्ज्ञच असावे लागतात. बाई दाखल झाली तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. गाडीत कोंबून नेणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं.

हा प्रतिनिधी बापच किंवा नवराच हवा असं नाही. सज्ञान मुलगी तिच्या विश्वासातल्या कोणत्याही सज्ञान व्यक्तीचं नाव साध्या कागदावर लिहून देऊ शकते. मोठी बहीण, मावशी, खोलीतली मैत्रीणही चालते. घरातच मारहाण होत असेल तर हे नाव विचारपूर्वक लिहावं. मारहाणीसाठी 181 ही महिला हेल्पलाइन आणि ‘सखी’ वन स्टॉप सेंटर मोफत आहेत.

महाराष्ट्रात खासगी-स्वयंसेवी कामाचं जुनं नाव म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ते 1986 मध्ये सुरू केलं. तिथला निवासी कार्यक्रम पाच आठवड्यांचा असतो आणि स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. नागपूरहून जायचं तर रात्रभराचा प्रवास, भेटीला येण्या-जाण्याचं भाडं आणि परतल्यावर पाठपुरावा कुठे, हा हिशेब आधी करा. पुण्यात दाखल केलं तरी पुढची ओपीडी नागपूरची ठरवून ठेवावी लागेल.

तिच्यासाठी वेगळं काय लागतं

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारू पिणाऱ्या दर एका बाईमागे 17 पुरुष आढळले. त्यामुळे बहुतेक केंद्रांतली खाटांची, संडास-बाथरूमची, कर्मचाऱ्यांची मांडणी पुरुषांसाठीच असते. त्याच पाहणीनुसार दारूचं अवलंबित्व असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो. बायका त्यातही मागे राहतात, कारण त्यांच्याकडे स्वतःचे पैसे नसतात आणि लेकरू सांभाळायला दुसरं कोणी नसतं.

खाली दिलेल्या गोष्टी मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलेल्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळे पैसे मागितले तर तिथून उठा.

- तीन वर्षांखालचं मूल असेल तर सर्वसाधारणपणे आईपासून वेगळं करता येत नाही.
- पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत.
- स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, सक्तीनं केस कापता येत नाहीत, साखळीनं बांधता येत नाही.
- सक्तीनं काम करवून घेता येत नाही.
- फोनवर बोलण्याचा आणि भेटीला आलेल्यांना भेटण्याचा हक्क आहे.
- स्वतःच्या इच्छेनं दाखल झालेल्या सज्ञान मुलीला जायचं असेल तर केवळ पैसे बाकी आहेत किंवा ‘कोर्स’ पूर्ण झाला नाही म्हणून अडवता येत नाही. विशिष्ट धोका वाटला तरच तपासणीसाठी 24 तासांपर्यंत थांबवता येतं.
- मुलगी 18 वर्षांखालची असेल तर तिला मोठ्यांपासून वेगळं ठेवायला हवं. पालक म्हणून सही करणारा पुरुष असेल तर एक बाई पूर्ण काळ तिच्यासोबत राहिली पाहिजे. म्हणजे आईची किंवा मावशीची रोजी बुडणार, ती खर्चात धरा.

पैसे कुठून येतील

*ईएसआय.* एमआयडीसीतल्या घरांसाठी सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा आधार हाच. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर त्यातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. कंत्राटी कामगारही यात येतात. 15,000 पगारातून दर महिन्याला साधारण 113 रुपये जातात. त्या बदल्यात विमाधारकाला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्यांना वैद्यकीय सेवा मिळते. मुलगी स्वतः नोकरीत नसेल, पण अविवाहित आणि वडिलांवर किंवा आईवर अवलंबून असेल, तरी त्यांच्या कार्डावर तिचं नाव लागू शकतं.

आजारपणाचा रोख लाभ वेगळा आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर विमा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम, वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते. पहिले दोन दिवस धरत नाहीत. दाखल होण्याआधीच ईएसआय दवाखान्यातून संदर्भचिठ्ठी घ्या. नंतर कागद जुळवणं अवघड जातं.

*जनआरोग्य योजना.* महात्मा फुले आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आयुष्मानच्या यादीत नशेमुळे होणाऱ्या मानसिक विकारांचं पॅकेज आहे. ते कोणत्या रुग्णालयात लागू होतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरतीआधी विचारा. ओपीडीचा खर्च यात बसत नाही.

*खासगी आरोग्य विमा.* मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं 2017 चा कायदा विमा कंपन्यांना सांगतो. पण विमा नियामकाच्या प्रमाणित वगळणींच्या यादीत बारावी वगळणी दारू, अमली पदार्थ आणि कोणत्याही व्यसनावरच्या उपचारांची आहे, आणि ती बहुतेक पॉलिसींत असते. पॉलिसीत ‘एक्स्क्ल 12’ शोधा. सोबत नैराश्य किंवा इतर मानसिक आजार असेल तर त्याचा दावा मंजूर होतो का, ते कंपनीकडून भरतीआधी लेखी घ्या. विमा मिळावा म्हणून डॉक्टरांपासून व्यसन लपवलं तर उपचारही चुकतील आणि दावाही जाईल.

दोन रस्ते, दोन बिलं

खालचे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, तुमचे आकडे टाकून पुन्हा मांडा. समजा, मुलीचा पगार 15,000, म्हणजे रोजचे सरासरी 500 रुपये, आणि ती 35 दिवस कामावर नाही.

पहिला रस्ता, कोणालाही न सांगता खासगी केंद्र:
- केंद्राचे 30,000
- औषधं आणि तपासण्या 6,000
- प्रवास आणि भेटी 5,000
- बुडालेला पगार 17,500
- एकूण 58,500 रुपये

दुसरा रस्ता, सरकारी रुग्णालयात दहा दिवस भरती, उरलेले दिवस घरी राहून ओपीडी, आणि ईएसआयचं प्रमाणपत्र:
- केसपेपर, तपासण्या, किरकोळ 1,500
- प्रवास 2,000
- सोबतच्या बाईची दहा दिवसांची रोजी, 400 प्रमाणे, 4,000
- पगारातली तूट: 33 दिवसांचे 350 प्रमाणे 11,550 परत मिळाले, म्हणून 5,950
- एकूण 13,450 रुपये

फरक 45,050 रुपयांचा. यातला बराचसा भाग उपचारांवर गेलेलाच नाही, कोणाला कळू नये म्हणून गेला आहे.

तरीही काही वेळा खासगी किंवा दूरचं केंद्र घ्यावं लागतं. सरकारी ठिकाणी बायकांची खाट मिळत नसेल, नशा पुरवणारा घरातच किंवा शेजारच्या खोलीत असेल, घरी मारहाण होत असेल, किंवा एकदा ओपीडीवर सोडवून पुन्हा सुरू झालं असेल, तर काही आठवडे लांब राहण्याचे पैसे वसूल होतात.

पैसे भरण्याआधी हे विचारा

1. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? क्रमांक दाखवा. नोंदणीशिवाय मानसिक आरोग्य संस्था चालवणं दंडनीय आहे.
2. मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा येतात, त्यांची फी यातच आहे का?
3. बायकांचा विभाग खरंच वेगळा आहे का? रात्रपाळीला बाई कर्मचारी असते का? आत जाऊन बघता येईल का?
4. रात्री फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, आणि तो खर्च कोणाचा?
5. औषधं, तपासण्या, धुणं, फोन यांचे वेगळे किती?
6. ती दहाव्या दिवशी परत आली तर उरलेले पैसे किती दिवसांत मिळतील? लेखी द्या.
7. अनुदानाची खाट आहे का? असेल तर तिला आमच्याकडून किती घेणार?
8. सुट्टी देताना औषधांची चिठ्ठी, सारांश आणि पुढच्या भेटीची तारीख मिळेल ना?
9. घरी गेल्यावरच्या समुपदेशनाचे किती, आणि किती महिने?

आत जाऊन बघू देत नसतील किंवा पावती देत नसतील तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

नंतरच्या वर्षाचे पैसे आधी बाजूला काढा

नशा शरीरातून काही दिवसांत उतरते, ओढ मात्र महिनोन्‌महिने राहते. पगाराचा दिवस, पाळीआधीचे दिवस, सणाची सुट्टी, खोलीवरचा एकटेपणा, अशा वेळी ती उसळते. म्हणून जवळ असलेल्या रकमेचे दोन भाग करा. अर्ध्याहून जास्त भाग भरतीनंतरच्या वर्षासाठी ठेवा. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी आणि मग महिन्यातून एकदा ओपीडी, जेनेरिक औषधं, समुपदेशन, आणि गरज पडल्यास खोली बदलण्याचं डिपॉझिट त्यातून निघेल. नशा पुरवणारा त्याच चाळीत राहत असेल तर दुसरी खोली घेणं हाही उपचाराचाच भाग आहे.

पुन्हा एकदा घेतलं म्हणून सगळा पैसा वाया गेला, असं घरात बोलू नका. मधुमेहात साखर वाढली तर डॉक्टर औषध बदलतात, तसंच इथेही लगेच ओपीडीत जायचं असतं. लवकर गेलं तर दुसऱ्या भरतीचा खर्च वाचतो. लाज वाटून दोन महिने थांबलं तर पहिल्यापासून सुरुवात.

तिच्या पगाराचं एटीएम कार्ड घरच्यांनी कायमचं काढून घेणं हा उपाय अनेक घरांत करतात. काही आठवडे, तिच्याच संमतीनं, ठीक आहे. त्यापुढे मात्र तिच्या हातात तिचे पैसे नसतील तर ती ओपीडीलाही कोणाला तरी विचारूनच जाणार, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी जाणार नाही.

फसवणूक झाली तर

सगळ्या पावत्या, व्हॉट्सअॅपवर सांगितलेले दर, जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. उपचारांचे कागद मागण्याचा हक्क तिला आहे. पैसे अडवले किंवा कबूल केलेली सेवा दिली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे सुटलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. मारहाण, कोंडून ठेवणं, फोन न देणं अशा गोष्टींसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आहे. मारहाण किंवा छेडछाड असेल तर पोलिसांत जा, पैशांचा वाद मिटेपर्यंत थांबू नका.

पैसे कमी आहेत म्हणून उपचार पुढे ढकलू नका. या आठवड्यात करायच्या तीन गोष्टींना मिळून एका दिवसाची रोजी आणि गाडीभाडं एवढंच लागतं: 14416 वर एक फोन, ईएसआय किंवा रेशनकार्ड शोधून काढणं, आणि सोमवार ते शनिवारमधला एक दिवस ओपीडीसाठी मोकळा ठेवणं. केंद्राला पैसे भरायचे की नाही, हे त्या ओपीडीतल्या डॉक्टरांशी बोलून झाल्यावर ठरवा.